तिसऱ्यांदा जंजिरा

मागच्या हिवाळ्यात इतिहासाच्या बाई रजेवर होत्या, म्हणून त्यांचा सातवीचा तास आमच्याकडे आला. धडा शिवाजी महाराजांच्या आरमाराचा. जंजिऱ्याच्या सिद्दीचं नाव आलं आणि आम्हाला ऐट आली. पुस्तक मिटून म्हटलं, ‘मुलींनो, हा किल्ला आम्ही दोनदा पाहिलाय.’ मग समुद्रात उभे असलेले तट सांगितले, कलालबांगडी तोफ सांगितली, लढून तो कुणाला घेता आला नाही हेही सांगितलं. वर्ग शांत बसून ऐकत होता. तेवढ्यात शेवटच्या बाकावरची, एरवी तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहिली.

‘टीचर, चारी बाजूंना खारं पाणी. मग किल्ल्यातल्या बायका प्यायचं पाणी कुठून आणायच्या?’

या मुलीच्या गल्लीत नळाला पहाटे पाणी येतं आणि ते भरायचं काम तिचं, हे आम्हाला ठाऊक होतं. प्रश्न तिच्या डोक्यात आला तो तिथून. आम्ही ‘विहिरी असतील’ असं काहीतरी पुटपुटलो. घंटा झाली म्हणून निभावलं.

घरी येईपर्यंत तो प्रश्न मनातून जाईना. दोनदा पाहिला म्हणता, मग पाणी कुठं होतं? आम्ही आठवायला बसलो आणि लक्षात आलं की जंजिऱ्यात आपण काय पाहिलं ते आपल्याला सांगताच येत नाही.

पहिली खेप वीस वर्षांपूर्वीची, २००५ च्या डिसेंबरातली. सासरची सगळी मंडळी भाड्याच्या गाडीतून गेलो होतो. थोरली मुलगी तेव्हा आठ महिन्यांची. होडीत तिला ऊन लागलं, किल्ल्याच्या दरवाज्यात पोचेपर्यंत रडून रडून लाल झाली. मोठ्या दरवाज्याच्या आत सावली होती. अम्मांनी, म्हणजे आमच्या सासूबाईंनी, तिथंच चादर अंथरली. पुरुष मंडळी आणि मुलं वाटाड्याच्या मागून वर गेली. आम्ही बाळाला घेऊन बसलो, अम्मा डब्यांच्या पिशव्या राखत बसल्या. पाऊण तासाने सगळे परत आले, होडीवाल्याने हाक मारली, आम्ही उठलो. अल्बममध्ये फोटो आहेत. तोफेजवळ दीर आहेत, तटावर मुलांचे अब्बा आहेत, आणि एका फोटोत कोपऱ्यात चादरीचं टोक आहे.

दुसरी खेप २०१४ ची, शाळेच्या सहलीची. अठ्ठेचाळीस मुली, तीन शिक्षिका. ज्यांनी सहल नेली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. होडीत बसताना मोजायचं, उतरताना मोजायचं, दरवाज्यात मोजायचं, तटाच्या कडेला गेलेल्यांना ओढून आणून परत मोजायचं. त्या दिवशी आम्ही किल्ल्यात पाहिल्या त्या फक्त अठ्ठेचाळीस वेण्या.

मुलांच्या अब्बांना हे सांगितलं तर ते हसले. ‘एवढंच ना? उत्तर मोबाईलवर मिळेल.’ मिळालंही, अर्ध्या मिनिटात. पण त्या मुलीला आम्ही ‘पाहिलाय’ असं सांगितलं होतं. ते खरं करायचं तर परत जायला हवं होतं. आणि या खेपेला कडेवर बाळ, खांद्यावर पिशवी आणि तोंडात मुलींची मोजणी यांतलं काहीच नको होतं.

‘आम्ही एकट्याच जाऊन येतो,’ आम्ही म्हटलं.

या सदरात आम्ही स्वतःला ‘आम्ही’ म्हणतो ती उर्दूतल्या ‘हम’ची जुनी सवय. एरवी त्या ‘आम्ही’त घरातलं कुणी ना कुणी असतंच. या खेपेला मात्र त्यात खरोखर एकच माणूस होतं.

अम्मांनी तसबीह थांबवली. ‘अगे, अकेली? लोगां क्या बोलेंगे?’ नणंदेचा इचलकरंजीहून फोन आला, घरात काही बिनसलंय का म्हणून. शेजारच्या भाभींनी तर सरळ विचारलं, ‘बदलीचं काम आहे का?’ बाई एकटी निघाली म्हणजे दवाखाना, कोर्ट नाहीतर बदली. फक्त बघायला म्हणून ती निघते, हे कारण कुणाच्या यादीतच नव्हतं.

इथं वाचक भगिनींच्या मनात जो सवाल आला असेल तो आमच्याही मनात होता. महरमशिवाय सफर करावी का, हा मसला या सदरात सोडवण्याचा आम्हाला अधिकार नाही. आमच्या माहितीप्रमाणे हनफी मतानुसार लांबच्या सफरीला महरम हवा. शाफई मतात फर्ज हजला भरवशाच्या बायकांची सोबत चालते. अदी बिन हातिम यांची हदीस आहे. अशी वेळ येईल की हीराहून निघालेली एकटी बाई काब्याचा तवाफ करील आणि तिला अल्लाहखेरीज कुणाचं भय नसेल, असं रसूलुल्लाह (स.) त्यांना म्हणाले होते. काही उलमा यावरून सांगतात की मूळ मुद्दा सुरक्षिततेचा आहे, इतरांना तो अर्थ मान्य नाही. आपल्या देशाच्या २०१८ च्या हज धोरणापासून पंचेचाळीसच्या वरच्या बायकांना, चार किंवा अधिक जणींच्या गटात, महरमशिवाय हजला जाता येऊ लागलं. आम्ही आमच्या मोहल्ल्यातल्या एका बुजुर्ग आलिमांना विचारलं. त्यांनी मतभेद समजावून सांगितले आणि म्हणाले, ‘शौहरची रजामंदी असू द्या, रस्ता अमनचा असू द्या, मुक्काम घरगुती असू द्या. बाकी तुमचा जमीर आणि अल्लाह.’ प्रत्येकीने आपल्या घरी, आपल्या आलिमांना विचारावं. आम्ही केलं ते इतकंच, ते झाकून ठेवत नाही.

आमची थोरली आता पुण्यात वसतिगृहात राहून शिकते. दोन वर्षं तिला आणायला-सोडायला अब्बांनीच गेलं पाहिजे, असा हट्ट आम्हीच धरला होता. तिला फोनवर बेत सांगितला तेव्हा ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, ‘अम्मी, पोचलीस की मेसेज कर. आणि रात्री स्टँडवर दिव्याखाली उभी राहा.’ आमचीच वाक्यं आम्हाला परत मिळाली.

जानेवारीतल्या एका गुरुवारी रात्री निघालो. बावड्यात तेव्हा उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते. रिक्षा त्यांच्यामधून वाट काढत मध्यवर्ती स्टँडवर आली. एसटीत बायकांना १७ मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. कंडक्टरने सवयीने विचारलं, ‘किती?’ आम्ही म्हटलं, ‘एक.’ त्याने मागे पाहिलं, सोबतीचं कुणी आहे का म्हणून. पहाटे पनवेल, तिथून अलिबाग, तिथून मुरूड. फजर पनवेलला स्टँडच्या एका कोपऱ्यात जानमाज अंथरून पढली. शेजारी झाडूवाली मावशी झाडत होती. तिने आमच्या पुढची जागा न झाडता ठेवली आणि सलाम फिरवल्यावर झाडली.

मुरूडला पहिल्या लॉजवर गल्ल्यावरच्या माणसाने आधार कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि ‘एकट्या बाईला खोली देत नाही’ म्हणून परत दिलं. वाद घातला नाही. वीस वर्षं मुलींना ‘स्वतःच्या पायावर उभ्या राहा’ असा निबंध लिहायला देत आलो, आणि त्या पायरीवर बॅग घेऊन उभं असताना आमचेच पाय कापत होते हे कबूल करतो. दोन गल्ल्या पलीकडे एका कुटुंबाने घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी ठेवल्या होत्या. घरमालकीण बाहेर आली, बुरख्यावरून आणि बॅगेवरून नजर फिरवली आणि म्हणाली, ‘आधी चहा घ्या.’ पुढचा प्रवास त्या चहाने सोपा केला.

राजपुरीचा धक्का मुरूडपासून रिक्षाने जवळ आहे. तिथून शिडाच्या होड्या सुटतात. वीस-पंचवीस माणसं भरली की होडी निघते, किल्ल्यात पाऊण तास मिळतो, त्याच होडीने परत यायचं. आम्ही होडीवाल्याला म्हटलं, ‘भाऊ, आम्हाला पाऊण तासात यायचं नाही. शेवटच्या फेरीला घ्याल?’ त्याने विचारलं, ‘वर काही काम आहे का?’ म्हटलं, ‘पाणी बघायचंय.’ तो हसला. ‘मग बसा. मोठं शिड खाली उतरलं की हाक मारीन.’

जंजिरा हा शब्द आपल्या ‘जज़ीरा’चा. अरबीत जज़ीरा म्हणजे बेट. आजही ‘जंजिरा किल्ला’ म्हणताना आपण ‘बेट किल्ला’ म्हणतो. होडी किल्ल्याजवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही. दोन बुरुजांच्या मधे तो असा दडलाय की वाटतं आता भिंतीवरच आपटणार. मग एकदम पायऱ्या दिसतात. होडी लाटेवर वर जाते तेव्हा होडीवाला दंड धरून ‘आता!’ म्हणतो आणि पाऊल टाकायचं. दोन्ही खेपांना आमचे हात भरलेले होते. या खेपेला दोन्ही हात मोकळे होते.

आणि दरवाज्यावर आम्हाला हत्ती दिसले. दगडात कोरलेला वाघासारखा प्राणी आहे आणि त्याने पंज्यांत हत्ती धरलेत, जणू मांजरीने उंदीर धरावे तसे. सिद्दींच्या ताकदीची ती पाटीच. वीस वर्षांपूर्वी याच दरवाज्याच्या आत आम्ही पाऊण तास बसलो होतो. हत्तींकडे आमची पाठ होती.

वाटाड्या सगळ्यांना घेऊन पुढे गेला. त्याची गोष्ट पाठ असल्यासारखी चालली होती. हे बेट आधी कोळ्यांचं. त्यांचा प्रमुख राम पाटील. त्याने लाकडी मेढेकोट बांधला. पंधराव्या शतकाच्या शेवटी निजामशाहीच्या पिरमखानाने दारूच्या पिंपांचा बहाणा करून, आत माणसं लपवून तो घेतला. पुढे दगडी कोट झाला, सिद्दी आले. शिवाजी महाराजांनी समोर पद्मदुर्ग उभा केला, संभाजी महाराजांनी १६८२ साली समुद्रात भराव टाकून वाट करायचा प्रयत्न केला, तरी किल्ला पडला नाही. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झालं तेव्हाच तो सिद्दींच्या हातून गेला. आम्ही कोल्हापूरची माणसं, महाराजांच्या बाजूची गोष्ट आईच्या दुधाबरोबर प्यालेली. त्यात आणखी एवढंच घालतो की सिद्दीविरुद्ध लढणाऱ्या महाराजांच्या आरमारात दौलतखान हा सरदार होता. ती लढाई धर्माच्या दोन रांगांत उभी नव्हती.

वाटाड्याच्या गोष्टीत तोफ होती, पिंप होतं, बुरूज होता. एकही घागर नव्हती. घोळका तोफेकडे वळला तसे आम्ही मागे राहिलो.

आत झाडोरा खूप वाढलाय. सुरुलखानाच्या वाड्याच्या पडक्या भिंती उभ्या आहेत, खिडक्यांतून आभाळ दिसतं. एकेकाळी इथं मोहल्ले होते, माणसं राहत होती. राजवट गेली, पोटापाण्याचं साधन गेलं आणि घरं एकेक करून किनाऱ्यावर उतरली. जोत्यांचे चौकोन ओळखू येतात. एका जोत्याशी पाट्याच्या मापाचा गुळगुळीत दगड पडला होता. तो पाटाच होता असं म्हणणार नाही, पण आम्ही तिथं जरा वेळ थांबलो.

आणि मग तलाव. चांगला मोठा, काठाला बांधीव दगड, भोवती झाडं. किल्ल्यात असे गोड्या पाण्याचे दोन तलाव आहेत. समुद्र हाकेवर, लाटेचा आवाज कानात, आणि इथं गोडं पाणी. आज ते हिरवंगार शेवाळलेलं आहे, प्यायच्या कामाचं नाही. वाटाडे झऱ्याची आणि चमत्काराची गोष्ट सांगतात. आम्ही काठाने फिरून पाहिलं तर जमिनीचा उतार तलावाकडे येतो, आणि कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ज्यांनी हा खड्डा खोदला, बांधला, राखला त्यांना आभाळातून पडलेला थेंब समुद्रात जाऊ द्यायचा नव्हता. वेढा पडला तर तोफेआधी हा तलाव किल्ला वाचवणार होता. तटाबद्दल आम्ही वर्गात दहा वाक्यं बोललो होतो आणि याबद्दल एकही नाही.

जुहरची वेळ झाली होती. बाटलीतल्या पाण्याने वुजू केलं. मुसाफिराची नमाज, चारऐवजी दोन रकात. सफरीत सूट मिळते हे आम्ही मुलींना दरवर्षी शिकवतो. ती स्वतःच्या सफरीत, स्वतःहून घेण्याची वेळ पहिल्यांदाच आली.

मग तटावर चढून पश्चिमेकडे बसलो. समोर मोकळा समुद्र. त्याच्या पलीकडे हबश, आजचा इथियोपिया. सिद्दी मूळ तिथले आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याचे. हजरत बिलाल (रजि.) हबशी, हे आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. मलिक अंबर तिथेच जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनमध्ये येऊन निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६२६ साली तो इथंच वारला. त्याच काळात आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजं दुसऱ्या दिशेला, कॅरिबियन बेटांकडे जात होती. तिथं उसाचे मळे होते. आमच्या बावड्याला ऊस म्हणजे दिवाळीनंतरची लगबग. त्या बेटांवर ऊस म्हणजे पायातली बेडी. गुलाम म्हणून नेलेल्या त्या माणसांत मुसलमानही पुष्कळ होते. त्यांतल्या एका बेटावर १७९१ साली गुलामांनी बंड केलं आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैती हा स्वतंत्र देश झाला. ब्रिटिशांच्या बेटांवरची गुलामगिरी १८३३ च्या कायद्याने मोडली, तेव्हा मळ्यांवर हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली. मे १८४५ मध्ये असे मजूर घेऊन त्रिनिदादला पोचलेल्या पहिल्या जहाजाचं नाव होतं फत्ह-अल-रज्जाक.

त्या बेटांवर आणि या बेटावर पोचलेल्या किती माणसांना परत जाता आलं? हबशहून आलेल्यांना नाही. करारावर गेलेल्यांतलेही फार जण तिथलेच झाले. आपण मात्र अर्ध्या तिकिटात येतो, बघतो, परत जातो, वाटलं तर पुन्हा येतो. तटावर बसून अल्हम्दुलिल्लाह म्हटलं ते या परत येण्यासाठी.

आमच्या उर्दूच्या शिक्षिकांना आणखी एक गोष्ट सांगायला हवी. या संस्थानच्या नवाब सिद्दी अहमद खान यांच्या बेगम नाजली आणि त्यांची बहीण अतिया फैजी. अतिया १९०६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या. कशासाठी? शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला, मारिया ग्रे ट्रेनिंग कॉलेजात. आपल्या भाषेत सांगायचं तर बी.एड. करायला. रोजची हकीकत त्या घरी बहिणीला लिहून पाठवायच्या आणि ती लाहोरच्या ‘तहजीब-ए-निस्वाँ’ या बायकांच्या उर्दू नियतकालिकात छापून यायची. पुढे १९२१ साली त्याचं पुस्तक झालं, ‘जमाना-ए-तहसील’. तब्येतीमुळे त्यांना प्रशिक्षण पुरं न करताच परतावं लागलं. १९०८ च्या युरोपच्या प्रवासावर नाजली बेगमांनीही उर्दूत पुस्तक लिहिलं. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी घराघरांतल्या बायका आपल्या मासिकासारख्याच एका नियतकालिकातून एका मुसलमान शिक्षिकेच्या प्रवासाची हकीकत वाचत होत्या. त्याच १९०६ साली शाहू महाराजांच्या पाठबळाने आपल्या कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं. फाळणीनंतर अतिया कराचीला गेल्या आणि १९६७ साली तिथंच वारल्या. जंजिऱ्यात आणखी एक बाई होऊन गेली. नवाब अहमद खान १९२२ साली वारले तेव्हा मुलगा लहान होता, म्हणून त्याची आई कुलसूम बेगम हिने १९३३ पर्यंत संस्थानचा कारभार पाहिला. वाटाड्याच्या गोष्टीत यांतलं कुणीही नव्हतं.

मोठं शिड उतरलं, हाक आली. परत येताना होडीवाल्याने विचारलं, ‘मिळालं पाणी?’

रविवारी सकाळी घरी पोचलो. सोमवारी इतिहासाच्या बाईंकडून दहा मिनिटं मागून घेतली आणि त्या मुलीला उत्तर दिलं. तलाव, उतार, पाऊस, फळ्यावर आकृती काढून. आधी चुकीचं बोललो होतो हेही सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि लगेच दुसरा प्रश्न टाकला, ‘मग टीचर, तलावातून घरापर्यंत भरायचं कोण?’ सगळा वर्ग हसला. ती हसली नाही. या प्रश्नाचं उत्तर आम्हाला प्रवास न करताही येत होतं.

घरी अम्मा दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या रात्री, जेवणं झाल्यावर, मोबाईलकडे बोट करून म्हणाल्या, दाखव. आम्ही फोटो दाखवू लागलो. तलाव, वाडा, समुद्र. दरवाज्याचा फोटो आला तशी त्यांनी चष्मा पुसला.

‘ये हाथी किधर थे?’

‘अम्मा, आपण बसलो होतो ना, त्याच दरवाज्यावर. बाहेरच्या बाजूला.’

त्यांनी फोटो जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला. मग हळूच म्हणाल्या, ‘बीस बरस से बोलतीयूं, जंजिरा देखी. देखी किधर? थैल्यां देखी.’

आम्हाला काय बोलावं सुचेना. त्या दिवशी चादरीवर आम्ही दोघी होतो. आम्हाला आमचं न पाहणं कळायला वीस वर्षं लागली. पण आमच्या शेजारी बसलेल्या बाईचंही तेच झालं होतं, हे तिने स्वतः बोलून दाखवेपर्यंत आमच्या ध्यानातच आलं नव्हतं.

अम्मांचं वय चौऱ्याहत्तर. गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी आहे. पण त्यांच्याहून म्हाताऱ्या बायकांना होडीवाले दोन्ही दंड धरून पायरीवर ठेवताना आम्ही पाहिलं आहे. पावसाळ्यात होड्या बंद असतात. पाऊस संपून त्या सुरू झाल्या की, इन्शाअल्लाह, आम्ही दोघी निघणार. मुरूडच्या त्या घरमालकिणीला फोन करून ठेवलाय. मुलांचे अब्बा म्हणाले, ‘मीही येतो, सामान कोण सांभाळेल?’ अम्मांनी तसबीह न थांबवताच मान हलवली.

सामान न्यायचंच नाही, असं ठरलंय. दुआत याद ठेवा.